देशमुखीण आणि तिचा ओलीस: विनोदी एकांकिका मधेच बसते आहे, उपाय सुचवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका हौशी गटासाठी ४५ मिनिटांची विनोदी एकांकिका लिहितो आहे. काळ अंदाजे १५९०, जागा बागलाण. मोसम नदीकाठची एक तरुण विधवा देशमुखीण वतन सांभाळते. ती शेजारच्या देशमुखाच्या धाकट्या मुलाला ओलीस ठेवते आणि पुढे दोघांचं जमतं, एवढीच गोष्ट. सध्याच्या खर्ड्यात तो तळघरात साखळदंडात आहे, खंडणी एक लाख होन आहे आणि बाई दर दोन वाक्यांनी तलवार उपसतात. पहिल्या वाचनात लोक दहा मिनिटं हसले, मग गप्प बसले.

ओलिसाला त्या काळी खरोखर कसं ठेवत? विनोद नेमका कुठे अडकला असेल? आणि रंगमंचावर काय काय अडेल? कृपया मोघम नको, दुरुस्तीच सांगा.

बखरबहाद्दर

आधी साखळदंड काढा. लढाईत हाती लागतो तो कैदी. करार पाळला जावा म्हणून तारण ठेवलेला माणूस तो ओलीस. तारणाला धक्का लागला की करारही गेला, म्हणून ओलिसाला फुलासारखं जपावं लागतं. तुमच्या देशमुखीणबाईंची खरी पंचाईत इथेच आहे.

उदाहरणं हवी असतील तर: पुरंदरच्या तहानंतर १६६५ मध्ये संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत गेले तेव्हा आठ वर्षांचे होते, आणि पाच हजारी मनसब त्यांच्याच नावे झाली. खर्ड्याच्या लढाईनंतर १७९५ मध्ये निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्यात ओलीस राहिला. त्यालाही कुणी अंधारकोठडीत टाकलं नाही. पुण्यात बसूनही त्याचं राजकारण चालूच होतं. आणि कैद्यांचं म्हणाल तर १६७२ ला साल्हेरखाली हाती लागलेले मोगल सरदार पुढे मानानं सोडून दिले गेले. साल्हेर तुमच्या नाटकाच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा हा रिवाज तिथे परका वाटणार नाही.

म्हणजे तुमचा नायक सोप्यावर लोडाला टेकून बसलेला हवा. सोबत दोन नोकर, एक घोडा. गढीच्या दरवाजाबाहेर पाऊल टाकायचं नाही एवढंच बंधन, तेही बेलभंडारा उचलून दिलेल्या शब्दाचं.

आता एक लाख होन. होन सोन्याचा, सुमारे ३.४ ग्रॅमचा. लाख होन म्हणजे ३४० किलो सोनं. एवढं ज्याच्याकडे आहे तो देशमुख कशाला राहील? बागलाणात गुजरातेकडची चांदीची महमूदी चाले, मुल्हेरच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. साधारण साडेपाच ग्रॅम धरा. ३००० महमूदी ठेवा, तीन हप्ते: दसरा, संक्रांत, होळी. एक हप्ता म्हणजे साडेपाच किलो चांदी, एका माणसानं खांद्यावरून आणण्याजोगी.

कारणही गावचंच द्या. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धतीचं सिंचन शतकानुशतकं चालत आलं आहे: नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावर सगळ्यांची मिळून शेती आणि पाळीनं पाणी सोडायला पाटकरी. वरच्या गावानं पाणी दाबलं, खालच्या गावाचा ऊस वाळला, पंचांनी वरच्याला दंड ठोठावला. दंड फिटेपर्यंत आणि रब्बीचं पाणी नीट सुटेपर्यंत धाकटा मुलगा खाली. झाला ओलीस. सिंहासन, राजपुत्र, कट यांतलं काही लागत नाही.

बाई कर्ती असणं मात्र अजिबात ओढूनताणून नाही. माहूरच्या रायबाघन नवऱ्यामागे फौज घेऊन मोगलांच्या बाजूनं उभ्या राहत, १६६१ ला उंबरखिंडीत त्या होत्या. फक्त तलवार कमी करा. कारभार करणाऱ्या बाईच्या हातात वही जास्त वेळ असते.

तिसरी घंटा

वरच्या वहीलाच धरून पुढे जातो, कारण विनोद तिथेच आहे.

तुमची संहिता दहाव्या मिनिटाला का बसते? तोवर दोघांच्या इच्छा एकमेकांविरुद्ध आहेत: तिला ठेवायचा आहे, त्याला पळायचं आहे. प्रेम सुरू झालं की दोघांनाही तेच हवं असतं आणि मधे अडथळा उरत नाही. मग लेखक खलनायक आणतो, तलवारी आणतो, आणि प्रेक्षक मोबाईल काढतो.

उलटं करा. तिला हा माणूस परवडत नाही, इथून सुरुवात. माणशी रोज एक शेर धान्य धरा. तो आणि दोन नोकर मिळून तीन शेर, महिन्याला ९० शेर, म्हणजे (चार शेरांची एक पायली) साडेबावीस पायली. दसरा ते होळी पाच महिने: साडेचारशे शेर, ११२ पायल्या आणि वर दोन शेर. घोड्याची चंदी वेगळी. कारकून हा हिशेब ओलिसाच्या तोंडावर वाचतो आणि ‘वर दोन शेर’ दोनदा म्हणतो. तिकडे बाप हप्ता लांबवतो, कारण घरातलं एक खाणारं तोंड परस्पर कमी झालंय. आणि ओलिसाचा राग तिसऱ्याच गोष्टीवर: आपली किंमत फक्त तीन हजार? ‘धाकट्या काकांचे पाच लागले होते!’

आता सराफ. प्रत्येक हप्त्याला तो नाणी पारखणार: वाजवणार, तोलणार, झिजलेल्यांवर बट्टा कापणार. हे दृश्य तीनदा घ्या, कारण तुमची सगळी प्रेमकथा त्यात बसते. दसऱ्याला सराफ शंभर नाणी बाजूला काढतो आणि बाई त्या देशमुखाच्या नावानं बोटं मोडतात. संक्रांतीला सगळी नाणी खणखणीत निघतात, सराफ मान डोलावतो, आणि बाई म्हणतात, ‘पुन्हा मोजा.’ होळीला सराफही समाधानी, बाईही गप्प, आणि ओलीस स्वतः एक नाणं उचलून म्हणतो, ‘हे मला खोटं वाटतं.’ ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मग लिहूच नका.

हे कुठे फसतं तेही लिहून ठेवा. दुसऱ्या वेळी बाईंनी ‘पुन्हा मोजा’ म्हणताना ओलिसाकडे पाहिलं की तिसरा हशा मेला. नजर सराफावरच हवी. आणि मोजणी खरी करायची नाही: मिनिटाला तीस नाणी म्हटलं तरी हजार नाण्यांना अर्धा तास जातो. पहिली दहा मोठ्यानं, मग प्रकाश मंद, मग ‘नऊशे नव्व्याण्णव...’ आणि सराफाला शिंक. हा शिंकेचा प्रकार एकाच हप्त्याला. दुसऱ्यांदा केलात तर पहिल्या रांगेतला माणूस तुमच्या आधी शिंकेल.

मिनिटांचा अंदाज: कराराचं वाचन ७, पहिला हप्ता ६, मधल्या भेटी आणि दुसरा हप्ता १५, उघड्या दाराचा प्रसंग ७, होळी आणि शेवट १०.

त्या उघड्या दाराबद्दल जरा सविस्तर. ओलीस प्रेमात पडला असं आजच्या प्रेक्षकाला नुसतं दाखवून चालत नाही. दार बंद असताना दिलेला होकार कुणाला पटेल? तेव्हा एक प्रसंग असा हवा की त्याला जायला पूर्ण मोकळीक आहे. पाट फुटलाय, गढीतली सगळी माणसं बांधावर, दरवाजा सताड उघडा, घोडा खोगीर घालून तयार. तो बाहेर पडतो. आणि चिखलानं माखून परत येतो, कारण बांधावर माती टाकणाऱ्यांत तोही होता. परत आल्यावर त्यानं कारकुनाला विचारायचं, ‘माझं आजचं एक शेर कापलं तर नाही ना?’ हा प्रसंग विनोदी असला तरी त्याला कुणी आणलेलं नाही, ओढलेलं नाही, एवढं स्वच्छ दिसलं पाहिजे. तो वगळलात तर बाकी कितीही हशे घ्या, शेवट अंगावर येतो.

आणि बाईंना कजाग करू नका. कजाग बाई नरमली, हा हशा फार जुना झाला. त्या हिशेबी आहेत, आणि हिशेबच त्यांना दगा देतो.

रंगपट

वस्तूंचं बोलतो.

जेवणात मिरची नको. ती पोर्तुगीजांबरोबर आली, १५९० च्या बागलाणात रोजच्या ताटात धरणं धाडसाचं होईल. तिखटाला मिरी, पिंपळी, आलं, लसूण. शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ हे सगळे अमेरिकेकडून आलेले, बाद. चहाही नाही. म्हणजे नाशिकच्या प्रेक्षकाचा आवडता मिसळीचा विनोद इथे चालणार नाही, मोह आवरा. नागली, बाजरी, वरई, कुळीथ, अंबाडी, तूप, गूळ, मोहाची फुलं, एवढ्यात ताट छान भरतं. तंबाखू आणि हुक्काही नको, पानाचा विडा द्या.

दसऱ्याच्या प्रसंगाला झेंडूचं तोरण लावाल. झेंडूही मेक्सिकोचा. आंब्याची पानं, आपट्याची पानं आणि कण्हेर लावा. दिसायला काही कमी पडत नाही.

चांदवडचा रंगमहाल बघून नेपथ्य करू नका, तो होळकरांचा, अठराव्या शतकातला. देशमुखाच्या गढीला पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, खाली दगडी जोतं, एक बुरूज, छोटा दिंडी दरवाजा. त्या दिंडीतून प्रत्येकाला वाकून यावं लागतं, आणि सराफाची पगडी दरवेळी अडकते. फुकटचा हशा आहे, पण चौकट पक्की ठोकून घ्या. फ्लेक्सची असली तर पगडीबरोबर गढीही खाली येते.

भेटीची वेळ मोजायला घटिकापात्र वापरा. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर ठेवली की हळूहळू भरते आणि एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, बुडते. नियम असा करा की देशमुखीण ओलिसाशी एक घटकाच बोलणार, मधे कारकून हजर. पुढे कुणीतरी त्या भोकात मेण बसवतं आणि वाटी काही केल्या बुडेना. कारकून वाटीकडे बघतोय, वाटी कारकुनाकडे. रंगमंचावर खरी भोकाची वाटी मात्र नको, तालीम एका वेगानं होते आणि प्रयोग दुसऱ्या. अखंड वाटी घ्या, बुडवायची तेव्हा कारकून बोटानं दाबेल, आणि घटका भरल्याचा टोल विंगेतून वाजवा. मागच्या रांगेला वाटी दिसणारच नाही, टोल ऐकू येईल.

दिवट्यांना उघडी ज्योत नको, नाट्यगृहात त्यावरून वाद होतो. बॅटरीवरचे दिवे बोळक्यात बसवा आणि वर पिवळा जिलेटिन कागद.

गोदाकाठ

मंडळी, हे फारच कामाचं. साखळदंड, तलवार, मिसळ, तिन्ही काढले. (हो, मिसळ होती.) आता शेवट अडलाय. देशमुख घराण्यातली विधवा, १५९० साल, तिचं लग्न लावायचं कसं? एक जण म्हणतो गोष्टच युरोपात न्या, तिथे हे सोपं जाईल.

बखरबहाद्दर

युरोपात असा प्रकार खरोखर घडला आहे. फ्रान्सचा राजा जाँ दुसरा १३५६ मध्ये पुआतियेच्या लढाईत इंग्रजांच्या हाती सापडला. १३६० च्या तहात खंडणी ठरली तीस लाख एकू (फ्रेंच सोन्याची नाणी), आणि ती फिटेपर्यंत फ्रेंच सरदार मंडळी इंग्लंडात ओलीस. त्यातला एक आंगेरां द कूसी, वय पंचविशीचं. इंग्लंडच्या राजाची थोरली मुलगी इसाबेला, वय ३३, त्याच्यावर भाळली. १३६५ मध्ये लग्न झालं आणि जावईबापू खंडणीशिवाय सुटले. त्याच करारातला दुसरा ओलीस, राजाचा मुलगा लुई, १३६३ मध्ये शब्द मोडून पळाला, तर लाजेखातर बाप स्वतः लंडनला परत येऊन बसला आणि १३६४ मध्ये तिथेच वारला.

तुमच्या बाईंच्या जातकुळीची एक स्कॉटिश बाईही आहे, डनबारची ॲग्नेस. १३३८ च्या वेढ्यात शत्रूचे दगड तटावर आदळले की तिच्या दासी फडक्यानं तट पुसत. तिच्या भावाला समोर आणून फाशीची धमकी दिली, तर ती म्हणाली म्हणे, खुशाल द्या, जहागीर मलाच मिळेल. हा उलटा डाव तुमच्या ओलिसाच्या बापाला द्या: ‘ठेवून घ्या, वाटणीत एक हिस्सा वाचला.’

पण गोष्ट बागलाणातच राहू द्या. पाटाच्या पाण्याचं भांडण सोडून किल्ल्यांचे अवघड उच्चार कशाला? लग्नाचं म्हणाल तर कुणब्यांत आणि बऱ्याच जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, नाक मुरडत ती वतनदार घराणी. तेव्हा अडथळा समाजाचा नाही, घराण्याच्या तोऱ्याचा आहे, आणि तोरा हा विनोदाला चांगला. पंचांपुढे कारकून निवाडा वाचतो: ‘वरच्या गावाने खालच्या गावास पाट द्यावा.’ कुणाला पाणी ऐकू येतं, कुणाला लग्न. एकदाच वापरा आणि पुढे चला, समजावून सांगू नका.

तिसरी घंटा

पाट मान्य. मात्र तो शेवट नको, शेवटाच्या तीन मिनिटं आधी घ्या. शेवट हिशेबावर हवा: होळीचा हप्ता पुरा, करार संपला, ओलीस कायद्यानं मोकळा. आता तो राहिला तर पाहुणा, आणि पाहुण्याचं शेर कुठल्या खात्यात मांडायचं, यावर कारकून अडून बसतो. बाई स्वतः वही ओढून घेतात, लिहितात, आणि कारकून वाचतो: ‘घरखर्च.’ अंधार. त्यानंतर एकही वाक्य नाही.

कारकुनाला अहिराणी द्या, पण ‘बरं शे ना?’ इतकीच, शहरातल्या प्रेक्षकाला झेपेल अशी. सगळ्यांना दिलीत आणि सराव कच्चा असला तर सटाण्याचा एकच प्रेक्षक अख्खा प्रयोग खाली बसवेल.

रंगपट

नाण्यांचं राहिलं. ॲल्युमिनियमच्या चकत्या वाजत नाहीत, आणि सराफाचा सगळा खेळ आवाजाचा आहे. पितळी चकत्या कापून घ्या आणि वरून रुपेरी रंग, मात्र पारखायच्या पाच-सहा बिनरंगी ठेवा, रंगानं नाद दबतो. दिसायला चाळीस पुरेत. थैलीत खाली पाच किलो वाळू बांधा, म्हणजे हप्ता आणणाऱ्याचा खांदा आपोआप झुकेल. रिकामी थैली उचलून जड असल्याचा अभिनय हौशी नटाला क्वचितच जमतो. वाळूची पुरचुंडी दुहेरी कापडात शिवा, नाहीतर तिसऱ्या हप्त्याला सराफ वाळू मोजत बसेल.