माळकरी माणसानं परदेशातली डोंगरातली द्राक्षतोडणी बघायला कधी जावं?

बागवाला, जालना

राम कृष्ण हरी मंडळी. पोरगी-जावई म्युनिकला असतात. यंदा याच म्हणून पोरगी मागं लागली. तिथून रेल्वेनं आल्प्स ओलांडला की इटलीतला साउथ टायरोल लागतो, डोंगरउतारावर वायनऱ्याच वायनऱ्या, ऑक्टोबरात तोडणी बघायला या, असं सांगू राहिली.

आता ऑक्टोबर म्हणजे आपली गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाचा माल धरण्यासाठीची छाटणी. डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावा, पोंगा म्हणजे कोवळा फुटवा आला की परतीच्या पावसात डाऊनी या बुरशी रोगाची धास्ती, मग फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढा, डिपिंग करा म्हणजे घड औषधात बुडवा. त्या दिवसांत बाग गड्यांवर टाकून विमानात बसलो तर झोप यायची नाही.

दुसरं म्हणजे माझ्या गळ्यात माळ. वाईनला हात लावणार नाही. कारभारीण विचारते, "दारूच्या कारखान्यात काय दर्शनाला जायचं?" मला त्यांचे मांडव बघायचेत, तोडणी बघायची, मालाला दर कसा बांधतात ते विचारायचं. न पिणाऱ्याला आत घेतात का? पोरीला शेतीतलं काही विचारलं की ती लिंक पाठवते.

बीडकर

एवढ्या लांब कशाला? समृद्धीवरून सरळ नाशिकला जा की.

बागवाला, जालना

बीडकर, ऑक्टोबरात नाशिकलाही छाटणीच असते. वाईनच्या द्राक्षाची तोडणी तिथं जानेवारी ते मार्च. तेव्हा तर माझाच माल निघायला लागतो आणि व्यापारी बांधावर उभा असतो.

औसेकर, म्युनिक

काका, नमस्कार. मी औशाचा, नोकरीला इथं. आई-बाबा आले की त्यांना तिकडंच नेत असतो, म्हणून सांगायलोय.

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून थेट गाडी आहे, साउथ टायरोलचं मुख्य शहर बोल्झानो, तिथपर्यंत चार तासांच्या आसपास लागतात. तुम्ही मात्र अलीकडंच ब्रिक्सनला उतरा. स्टेशनाच्या फलकावर ब्रेसानोने असंही लिहिलेलं असतं, तिकडं जर्मन आणि इटालियन दोन्ही चालतात. जवळच नॉयश्टिफ्ट नावाचा ख्रिस्ती मठ आहे, 1142 सालचा. मठाची स्वतःची वायनरी आहे. काकूंना सांगा, दर्शनही होतंय.

न पिणाऱ्याचं काही अडत नाही. तळघर दाखवतात, टाक्या-पिंपं दाखवतात, पेला पुढं आला की हात जोडायचे. द्राक्षाचा आणि सफरचंदाचा रस मागितला तर मिळतो, तो भाग सफरचंदांसाठीही नावाजलेला आहे. फक्त आधी बुकिंग करा. तोडणीत सगळे घाईत असतात, अचानक आलेल्या पाहुण्याशी बोलायला कुणाला सवड नसते. रविवार टाळा, बरीच विक्रीकेंद्रं बंद असतात.

जेवणात जपा. पालेभाजीच्या पदार्थातही ‘श्पेक’ म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस पडू शकतं, तेव्हा हे नाव पाठ करून जा. ‘श्लुट्झक्राप्फन’ मागवा. पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा. वरून लोणी आणि किसलेलं चीज.

ऑक्टोबरपासून शेतघरांत नवी वाईन आणि भाजलेल्या चेस्टनटांच्या पंगती बसतात, त्याला टोर्गलेन म्हणतात. सप्टेंबरात गेलात तर त्या हुकतील. पण पंगत वाईनचीच, तुमचं फार नुकसान नाही!

व्हिसा जर्मनीचा काढा, मुक्काम तिथंच जास्त असेल तर. तोच इटलीत चालतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो.

फळबाग मास्तर, परभणी

बागवाले, छाटणीच्या आधी जाऊन या. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. तिथली तोडणी ऑगस्टअखेर सुरू होते ती ऑक्टोबरपर्यंत चालते. खालच्या उबदार दरीतला माल आधी, उंचावरचा मागून. त्यामुळं सप्टेंबरात दरीत कुठंतरी तोडणी हमखास दिसेल. तुम्ही परत येऊन कात्री हातात घ्याल.

बघायचं काय, तर मांडव. तिथं पेर्गोला ही जुनी पद्धत अजून टिकून आहे, उताराच्या बाजूला कललेली, घड खाली लोंबतात. शियावा नावाची त्यांची जुनी लाल जात बहुतेक तशीच वाढवतात. नव्या बागा तारेवर उभ्या. दोन्ही शेजारी-शेजारी बघायला मिळतात. फोटोपेक्षा वेलींमधलं अंतर आणि ओलांड्यांची, म्हणजे तारेवर आडव्या वळवलेल्या कायम फांद्यांची, लांबी टिपून घ्या.

घड बघून मात्र हसू नका. मणी बारीक, साल जाड, आत बिया. जीए या वाढीच्या संजीवकाचं डिपिंग करून मणी फुगवायचा हा आपला खाण्याच्या द्राक्षाचा धंदा. वाईनवाल्याला रंग आणि चव सालीतून हवी असते, मणी फुगला तर त्याचं नुकसान. कलम तेही खुंटावरच, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवरच करतात, पण कारण वेगळं. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्झेरा किडीनं युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून अमेरिकी खुंट. आपण डॉगरिज हा खुंट लावला तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी.

दराचं विचाराल तर सहकारी वायनरीतच विचारा. तिथली निम्म्याहून जास्त वाईन सहकारी संस्था काढतात. त्रामिन गावची संस्था 1898 सालची आहे. शेतकरी लहान-लहान, हेक्टर-दीड हेक्टरवाले. माल कारखान्याला घालायचा हे आपल्याला उसामुळं ठाऊक आहे, पण तिथं नुसत्या वजनाला मोल नाही. जात आणि प्रत बघतात, शिवाय हेक्टरी किती माल काढायचा याला नियमानं कमाल मर्यादा असते. म्हणून ते हिरवे घड स्वतःच कापून टाकतात. आपल्याकडच्या एकरी टनाच्या चढाओढीत हे कुणाला पटायचं नाही, पण ऐकून या.

आणि एक. लागवडीसाठी वेलीची काडी आणायचा मोह होईल. आणू नका. परवाना आणि क्वारंटाईनशिवाय रोपं-काड्या देशात आणता येत नाहीत, आणि तिथली कीड आपल्या शिवारात यायला एक ओली काडी पुरते.

बागवाला, जालना

मास्तर, काडीचं बरं ओळखलंत, पिशवीत ओलं गोणपाट टाकायचा विचार चालूच होता. सप्टेंबर पक्का. मठाचं ऐकून कारभारीण तयार झाली, आता तिथं अभंग म्हणू देतील का असं विचारू राहिली. औसेकर, मठाचं बुकिंग पोरीच्या नावानं करू का आमच्या? आणि तोडणारे गडी कुठल्या भाषेत बोलतात? मला पोरीच्या दुभाषेपणावर भरवसा नाही, ती ओलांडा आणि काडी यातला फरक सांगू शकत नाही.