जुन्या ‘लॅसी’ मालिकेत कुत्री एकच होती का? घरात वाद पेटलाय

गंगापूररोडची_सून
सासरे रोज दुपारी नातवाला घेऊन यूट्यूबवर ‘लॅसी’ या कुत्रीवरच्या अमेरिकन मालिकेचे जुने कृष्णधवल भाग लावतात. इंग्रजी दोघांनाही बेताचंच. तरी काही अडत नाही, कारण त्या मालिकेत सगळं आधी कुत्रीलाच कळतं.

वाद असा: सासरे म्हणतात सगळ्या भागांत कुत्री तीच. मी म्हटलं, मालिका १९५४ ते १९७३ चालली, एवढं कुठलं कुत्रं जगेल? तर म्हणाले, “तिकडची जगतात.”

माणसांचाही घोळ आहे. आधी जेफ, त्याची आई आणि आजोबा. मग टिमी नावाचं पोरगं. त्याची आई तर एकदम वेगळीच बाई होते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही! कुणाला नीट माहीत आहे का? आणि मुलाने हट्ट धरलाय, “लॅसी आणा.” ओझरजवळ एकाकडे पिल्लं आहेत म्हणे. आणावं का?

देवळाली_हँडलर
ताई, मी फौजेत श्वानपथकात होतो, आता कॅम्पात निवृत्त. सासऱ्यांना सांभाळून सांगा, पण लॅसी कुत्री नव्हती. सगळे नर होते.

मूळ कुत्र्याचं नाव ‘पाल’ (Pal). जन्म १९४०. फार भुंकायचा आणि मोटारसायकलींमागे धावायचा, म्हणून मालकाने रड वेदरवॅक्स नावाच्या ट्रेनरकडे आणला. सुधारणा बघून मालक काही खूश झाला नाही. फीच्या बदल्यात कुत्राच ट्रेनरला देऊन मोकळा झाला. मोटारसायकलीचं वेड तर शेवटपर्यंत सुटलं नाही म्हणतात. मला याचं नवल नाही. पाठलागाची सवय एकदा मुरली की ती दाबता येते, काढता येत नाही.

मालिकेच्या आधी लॅसीवर सिनेमा आला होता, १९४३ चा. त्यासाठी आधी मादी निवडली होती. पण मादीचे केस गळतात, अंग उघडं दिसतं. पाल फक्त नदीच्या पुरातल्या धोक्याच्या दृश्यासाठी होता. ते त्याने असं केलं की पुढे भूमिकाच त्याची झाली. नर अंगानेही मोठा, शेजारी पोरगं लहान दिसतं. पोरगं वाढत असतं ना, निर्मात्याला तेही सोयीचं.

मालिकेत पालने फक्त सुरुवातीचे नमुन्याचे दोन भाग केले. नंतर त्याचा मुलगा लॅसी ज्युनियर. त्याला कॅन्सर झाल्यावर थोडे दिवस स्पूक. स्पूक पहिल्याच दिवशी सेटवर वरून दिवा कोसळला म्हणून बिचकला तो बिचकलाच. अशा जनावराला बिचकू म्हणून नावं ठेवतात, मला राग येतो. पहिल्या दिवशी बसलेली भीती उतरवायला महिने जातात आणि शूटिंगवाल्यांकडे आठवडाही नसतो. मग बेबी, मग मायर, शेवटी ‘हे हे’ नावाचा. सगळे पालच्याच वंशातले.

एक गंमत बघा. लॅसी टिमीकडे टक लावून बघते ना, तिथे भाग थांबवा. नजर बरेचदा पोराच्या खांद्यावरून पलीकडे जाते. तिकडे कॅमेऱ्याच्या बाजूला ट्रेनर उभा असणार. म्हणजे खरा अभिनय त्या पोराने करायचा, जे कुत्रं आपल्याकडे बघतच नाही त्याच्याशी प्रेमाने बोलायचं. टिमीला शाबासकी द्या.

सातपूर_ईडीपी
कुत्र्यांचं हँडलरसाहेबांनी सांगितलं, माणसांचं मी सांगतो. मी या मालिकेत उलट्या वाटेने आलो.

नव्वदच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात आमचा ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरचा विभाग होता. पगारपत्रकं, स्टोअर्स, सगळं फॉक्सप्रोवर. डीबेससारखंच माहिती साठवायचं सॉफ्टवेअर ते. डीबेस-फॉक्सप्रोच्या जगात टॉम रेटिग हे वजनदार नाव. आमच्यासाठी तो कोडवाला माणूस, बस. पुढे कुठेतरी त्याचा लहानपणीचा फोटो दिसला, शेजारी भला मोठा कोली, म्हणजे लॅसीच्याच जातीचा कुत्रा. तुमचा जेफ तो हाच! टॉमी रेटिग. १९५४ ते १९५७ लॅसीचा मालक, नंतर प्रोग्रॅमर. ॲश्टन-टेट या डीबेसवाल्या कंपनीतल्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक. १९९६ मध्ये वारला, अवघ्या ५४ व्या वर्षी. माझ्या मते त्या मालिकेतल्या सगळ्यांत मोठं काम त्याने मालिका सोडल्यावर केलं. (बायकोला हे पटत नाही. पण तिला फॉक्सप्रो माहीत नाही.)

आता तुमचा घोळ. १९५७ मध्ये आजोबांचं काम करणारे जॉर्ज क्लीव्हलंड वारले, म्हणून कथेतही आजोबा गेले. जेफच्या आईने, म्हणजे जॅन क्लेटनने, शेत विकलं आणि ती शहरात निघाली. लॅसी टिमीकडे राहिली. टिमी म्हणजे जॉन प्रोव्होस्ट, तेव्हा सात वर्षांचा. त्याची पहिली आई क्लोरिस लीचमन. तिने एकच हंगाम केला, पुढे तिला ऑस्कर मिळालं. १९५८ पासून त्याच आईच्या भूमिकेत जून लॉकहार्ट. वडीलही तेव्हाच बदलले. ना अपघात, ना स्पष्टीकरण. आपल्या मालिकांत निदान प्लास्टिक सर्जरी तरी दाखवतात. लॉकहार्टबाई शंभरी गाठून २०२५ मध्ये गेल्या.

१९६४ मध्ये टिमीचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि क्वारंटाइनच्या नियमामुळे लॅसी मागे राहिली. मग ती वनरक्षकाकडे. ते काम रॉबर्ट ब्रेचं. रंगीत भागही त्याच काळातले. म्हणजे माणसं बदलली तर गोष्ट वळवायची, कुत्रा बदलला तर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सासरे फसले यात त्यांचा काय दोष? फसवण्यासाठीच केलेलं काम ते.

निफाड_द्राक्षवाला
पोरगं विहिरीत पडतं नि लॅसी पळत घरी येते, तो भाग कोणता भो? आमच्याकडे विहिरी भरपूर, पोराला दाखवायचाय.

सातपूर_ईडीपी
असा भागच नाही! टिमी बाकी कुठे कुठे पडतो, विहिरीत कधीच नाही. लोकांनी ते इतकं डोक्यात घेतलं की प्रोव्होस्टने स्वतःच्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं.

गंगापूररोडची_सून
सासऱ्यांना वाचून दाखवलं. कुत्रे बदलले हे मान्य. नर होते हे अजून मान्य नाही. पिल्लाचं काय करू, हँडलरकाका?

देवळाली_हँडलर
घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण अंगावर दुहेरी केस असतात आणि नाशिकचा एप्रिल-मे आता पूर्वीचा राहिला नाही. दुपारी फरशी आणि पंखा, फिरवणं पहाटे, रोज ब्रश. पावसाळ्यात केसांच्या मुळाशी ओल राहिली की कातडी खराब होते. कुत्रं एकटं गच्चीवर बांधून ठेवणार असाल तर विषयच सोडा, भुंकून कॉलनी उठवेल.

आणि हे लिहून ठेवा: बऱ्याच कोलींमध्ये एमडीआर-वन नावाचा जनुकीय दोष असतो. आपल्याकडे गोचिडांवर सर्रास आयव्हरमेक्टिन टोचतात. या कुत्र्यांच्या ते मेंदूपर्यंत पोहोचतं, जीवही जातो. ओझरला गेलात तर आई-बापांची तपासणी झालीय का विचारा, आणि पिल्लू आणलंत तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना “कोली आहे, आयव्हरमेक्टिन नको” असं स्पष्ट सांगा.