वसंताची चित्रपुस्तकं निवडताना: खिडकीबाहेरचा वसंत की पुस्तकातला?

पानोपानी (धागाकर्ती)

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना मी दर आठवड्याला पुस्तकं वाचून दाखवते. ऋतू बदलला की त्या ऋतूच्या पुस्तकांची एक टोपली भरते. या वेळी वसंताची टोपली भरताना जवळजवळ निम्मी पुस्तकं मी बाजूला काढली, आणि तेव्हापासून मनात खळबळ आहे.

बाजूला काढली, कारण त्या सगळ्यांत एकच वसंत होता. बर्फ वितळतो, ट्यूलिप डोकं वर काढतात, पिवळी पिल्लं, पांढरा ससा. चित्रं देखणी आहेत, प्रश्न तो नाही. उष्ण प्रदेशात कितीतरी झाडं आधी पानं गाळतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. पानगळ आणि बहर एकाच महिन्यात! दक्षिण गोलार्धात तर वसंत सप्टेंबरात सुरू होतो. पण पुस्तक म्हणतं, मार्च आला, वसंत आला. असंच एक पुस्तक वाचून झाल्यावर चार वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, "मग आपल्याकडे वसंत आलाच नाही का?" दाराबाहेरचं झाड त्या दिवशी नखशिखांत फुललेलं होतं.

म्हणून मी एक कसोटी ठरवली. पुस्तक मिटल्यावर मुलाला बाहेर जाऊन त्यातली निदान एक गोष्ट शोधता आली पाहिजे. नाही आली, तर ते वसंताच्या टोपलीत नको. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचं_पान

मला हे अजिबात पटलं नाही. देवमासा बाहेर सापडत नाही, चंद्रावर चालता येत नाही, तरी ती पुस्तकं आपण आनंदाने वाचतो. मग ज्याने बर्फ पाहिला नाही त्याला बर्फ वितळताना दाखवायला हरकत का? उलट त्याच्यासाठीच तर ते पुस्तक आहे. लहानपणी मी ज्या फुलांची चित्रं तासन् तास पाहिली, ती प्रत्यक्ष पाहायला मला तीस वर्षं लागली. ती तीस वर्षं वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही.

तुमची कसोटी लावली तर पुस्तक म्हणजे परिसर अभ्यासाची वही होईल.

बेडूकमासा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कुठला वसंत दाखवलाय याची मला फार काळजी नाही, तो चुकीचा दाखवलाय याची आहे. वसंताच्या पुस्तकांत त्याच त्या चुका पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत.

झाडावरच्या घरट्यात पिवळी, गुबगुबीत पिल्लं बसवतात. अशी लोकरीसारखी पिसं घेऊन जन्मतात ती कोंबडीची, बदकाची पिल्लं. ती जन्मल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतात, झाडावरच्या घरट्यात चोच वासून बसत नाहीत. चिमणीसारख्या पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि अंग जवळजवळ उघडं असतं. सशाचंही तेच: बिळात जन्मणारं पिल्लू उघडं आणि डोळे मिटलेलं. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. अनेक पुस्तकांत चारही पाय एकदम उगवतात. आणि बी! बीतून आधी मूळ बाहेर येतं, मग कोंब. चित्रात मात्र मातीतून थेट दोन हिरवी पानं.

ओल्या कापसात घेवड्याचा दाणा ठेवलेल्या मुलाला हे लगेच कळतं. माझ्या वर्गातल्या एकाने चित्रावर बोट ठेवून सांगितलं होतं, "सर, याचं मूळ विसरलेत." पुस्तक चुकलं हे कळलं तर त्या मुलाने कोणावर विश्वास ठेवायचा?

रात्री_नऊचा_बाबा

सर, आदर ठेवून सांगतो, रात्री नऊ वाजता मांडीवर झोपाळलेलं मूल असताना मला फक्त एवढंच हवं असतं की वाक्य जिभेवर नीट बसावं आणि पान उलटताना पुढे काय याची ओढ राहावी. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. तेवढ्यात सगळं शास्त्र मावणार नाही, आणि ते मावावं असंही मला वाटत नाही.

एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' बघा. त्यातली अळी ककून विणते आणि फुलपाखरू होऊन बाहेर येते. धाग्याचं ककून सहसा पतंगांच्या अळ्या विणतात, फुलपाखराची अळी कात टाकते आणि आतली कडक कवचाची अवस्था उघडी होते, हे मलाही माहीत आहे. म्हणून ते पुस्तक फेकून द्यायचं? माझी मुलगी प्रत्येक पानातल्या भोकात बोट घालते आणि फुलपाखराच्या पानावर दर वेळी श्वास रोखून धरते. आणि मराठीत तर दोन्हीला आपण कोषच म्हणतो, म्हणजे आपल्या भाषेत ती चूक उरतही नाही.

बेडूकमासा

कोषाचा मुद्दा आवडला, तो मान्य. पण मराठीची दुसरी बाजूही आहे. आपण सरसकट 'सुरवंटाचं फुलपाखरू झालं' असं लिहितो. सुरवंट म्हणजे अंगावर केस असलेली अळी, आणि अशा केसाळ अळ्यांचे बहुतेक पतंग होतात. फुलपाखराच्या गोष्टीत 'अळी' हा साधा शब्द बरा. उलट मधमाशीच्या बाबतीत मराठी नकळत बरोबर ठरते: मध गोळा करणाऱ्या कामकरी माश्या माद्याच असतात आणि मराठीत मधमाशी 'ती'च आहे. म्हणून भाषांतरित पुस्तकात तिचा 'मधमाशी दादा' केलेला दिसला की मी पुस्तक परत ठेवतो.

पुस्तक फेका असं मी म्हणत नाही. एकाच गोष्टीची दोन पुस्तकं असतील तर बरोबर असलेलं निवडा, इतकंच.

जाडपुठ्ठा

दोन वर्षांखालच्यांसाठी हा सगळा वाद बाजूला ठेवा. जाड पुठ्ठ्याची पानं, पानावर एकच मोठं चित्र, मागे मोकळी जागा. ते पुस्तक चावलं जाणार आहे.

गोधडी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, इथे बसत नसेल तर क्षमा करा. नातवाला मी सांभाळते. मागच्या वसंतात त्याला झाडाखाली एक पिल्लू सापडलं, मेलेलं. घरट्यातून पडलं असावं. त्याने ते पुस्तकातल्या पिल्लाशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, हे पिल्लू नाहीये." बेडूकमासा म्हणतात तेच. उघडं, डोळे मिटलेलं, राखाडी. त्याच्या ओळखीचं पिल्लू पिवळं होतं.

मग मी आमच्याकडची वसंताची सगळी पुस्तकं काढून बसले. सगळ्यांत सगळी अंडी उबतात, सगळ्या बिया रुजतात. खरं तर कुठल्याच घरट्यात असं ठरलेलं नसतं. त्यानंतर मी मुद्दाम शोधून एक पुस्तक आणलं. त्यात चार अंड्यांतलं एक उबत नाही. आई-पक्षीण ते काही दिवस तसंच ठेवते. बस, एवढंच. नातू ते पान फार वेळ पाहतो. काही बोलत नाही आणि मीही बोलत नाही.

शेवटचं_पान

गोधडीताई, तुमचं वाचून थांबले. तरी माझं म्हणणं सोडत नाही. त्या मुलीने 'आपल्याकडे वसंत आला नाही का' असं विचारलं, ते पुस्तकामुळेच विचारलं ना? बाहेरचं झाड ती रोज पाहत होती. बर्फाचं पुस्तक नसतं तर तो प्रश्न आला असता का?

पानोपानी

याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मला दोन दिवस टोचतंय.

सध्या एवढंच केलंय: बर्फाची दोन पुस्तकं टोपलीत परत ठेवली. पिवळ्या पिल्लांचं झाडावरचं घरटं असलेलं मात्र नाही, त्यावर बेडूकमासा सरांशी सहमत. आज वाचण्याआधी सगळ्यांना अंगणात नेलं आणि प्रत्येकाला खाली पडलेलं एकेक फूल आणायला सांगितलं. मग बर्फाचं पुस्तक मधोमध उघडलं आणि फुलं त्याभोवती मांडली. तीच मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःचं फूल उचललं आणि चित्रातल्या बर्फावर ठेवलं.