पीए कोर्सला कुठे अर्ज करू? बाबा चेन्नईला नको म्हणतायत

डिचोलीकरीण:
नमस्कार. मी यंदा बारावी सायन्स झाले, बायोलॉजी घेऊन. नीट दिली पण एमबीबीएस मिळण्याइतके मार्क नाहीत आणि परत एक वर्ष रिपीट करायची खरंच ताकद नाही. गेल्या वर्षी आजीचं बायपास झालं तेव्हा वॉर्डात एक मुलगी रोज सकाळी डॉक्टरांच्या आधी यायची, छातीतल्या नळीच्या बाटलीत किती जमलंय ते वाकून बघायची, पायावरची पट्टी सोडून टाक्यांच्या बाजूला हलकेच दाबून दुखतं का विचारायची, आणि डॉक्टर आले की सगळं घडाघडा सांगायची. मला वाटलं ज्युनियर डॉक्टर, तर म्हणाली मी पीए, फिजिशियन असिस्टंट. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. चेन्नई आणि कोचीची दोन कॉलेजं शोधलीत. बाबा म्हणतात असिस्टंट म्हणजे कंपाउंडरच ना, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, इथेच बांबोळीला नर्सिंग कर. मामेभाऊ म्हणतो पीए झालीस की थेट अमेरिका. काय बघून कॉलेज निवडू? आणि अमेरिकेचं खरं आहे का?

फोंड्याची पीए:
बाय, मी हार्ट सर्जरीत पीए आहे, ९ वर्षं झाली. बाबांना सांग कंपाउंडर नव्हे गो. आजीच्या पायावर टाके का होते माहीत आहे? बायपाससाठी पायातली शीर काढतात, सर्जन छाती उघडत असतात तेव्हा पायाकडे उभं राहून ती शीर बऱ्याच ठिकाणी पीए काढतो. शिरेला फुटणारी प्रत्येक बारीक फांदी बांधायची, एक जरी सुटली तरी तिथून रक्त येतं. हे शिकताना हात थरथरायचे माझे. पण हेही लक्षात ठेव की आपण कायम डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो, स्वतःचा दवाखाना नाही आणि मनाने औषध लिहून देणं नाही. हे ज्याला आयुष्यभर चालणार नाही त्याने येऊ नये.

कोर्स साधारण ४ वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, आणि सगळं त्या वर्षावर आहे. माझ्या कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, जिथे पाठवलं तिथे चार महिने नुसत्या डिस्चार्ज समरी टाइप करून घेतल्या, पेशंटला हात लावायला मिळाला नाही, खरं काम नोकरी लागल्यावर शिकले आणि त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून आधी हे विचार: हॉस्पिटल त्यांचंच आहे का, बेड किती, इंटर्न कुठल्या कुठल्या डिपार्टमेंटला फिरतात, गेल्या बॅचची मुलं आज कुठे आहेत. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीचा नंबर माग. देत नसतील तर सोड ते कॉलेज. आपल्याकडे हा कोर्स १९९२ साली चेन्नईतच डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, त्यामुळे तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत पीए म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर बऱ्याच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या, यादीतही पीए आहे, हे बाबांना दाखव.

म्हापशेकर, सध्या न्यू जर्सी:
अमेरिकेचं मी सांगतो कारण माझी बायको इथे पीए आहे. भारतातल्या बीएस्सीवर इथे पीए म्हणून काम करता येत नाही. लायसन्ससाठी पान्स नावाची परीक्षा लागते आणि त्या परीक्षेला बसायचं तर इथल्याच मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधून शिकलेलं असावं लागतं, म्हणजे पदवीनंतर परत सुमारे २७ महिन्यांचं मास्टर्स. बहुतेक कॉलेजांचा अर्ज कास्पा नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो, तिथे परदेशी मार्कशीटचं मूल्यांकन, शिफारसपत्रं, आपल्याबद्दलचा निबंध, शिवाय अनेक कॉलेजं पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचे हजारेक तास मागतात आणि काही तर परदेशातले विषयच धरत नाहीत, ते इथे पुन्हा करावे लागतात. फी पण डॉलरमध्ये. अशक्य नाही, पण भावाच्या 'थेट'वर विसंबून चार वर्षं घालवू नकोस.

पेडण्याची सिस्टर:
वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर. परदेशच डोक्यात असेल तर नर्सिंगची वाट जास्त मोकळी आहे, आपल्या बीएस्सी नर्सिंगवर एनक्लेक्स ही तिथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा देऊन मुली अमेरिकेत जातात. पण फक्त त्यासाठी नर्सिंगला येऊ नको बाय. नाइट ड्युटी, तीस पेशंट, पाय सुजतात. तुला त्या पीएचं काम बघून ओढ लागली ना, मग तेच कर.

डिचोलीकरीण:
ताई, दादा, सिस्टर, खूप खूप आभार. रात्री जेवताना बाबांना सगळं वाचून दाखवलं. शीर काढायचं ऐकून ते गप्पच झाले, मग आजीला म्हणाले पाय दाखव बघू. अमेरिका मी डोक्यातून काढली. आज दोन्ही कॉलेजांना फोन केला, कोचीवाल्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलीचा नंबर लगेच दिला, चेन्नईवाले म्हणाले मेल करा. शनिवारी रात्री मडगावहून गाडी आहे, बाबा येतायत बरोबर. ताई, इंटर्नशिपचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, बघायला मागितलं तर चालतं का?

फोंड्याची पीए:
चालतं. बिनधास्त माग, आणि त्यात सही कुणाची आहे तेही बघ.