डुकरं वाढवा म्हणता, पण कापणार कुठं?

कळमेश्वरवाला: २०१९ च्या पशुगणनेत देशभरात डुकरं ९०.६ लाख, म्हणजे २०१२ पेक्षा १२ टक्के कमी. तिकडे सॉसेज, बेकन, हॅम करणाऱ्यांना माल पाहिजे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या अन् १० नरांच्या युनिटला निम्मा खर्च मिळते, ३० लाखांपर्यंत. तरी आपले पोट्टे कपाशीतच काऊन अडकले आहेत? डुकरीण ११४ दिवसांत विते, एका वेताला ८-१० पिल्लं. म्हशीला सांगा बरं हे जमते का.

ढेपवाला_भाऊ: हिशोब पूर्ण कर ना बे. १०० माद्या, वर्षाला दोन वेत, ८ पिल्लं जगली तर झाली १६०० डुकरं, एकेकाला ९० किलोवर न्यायला अडीच क्विंटल खाद्य, म्हणजे ४०० टन, आता मका अन् सोयाबीनची ढेप तुझा मामा देणार आहे का? सबसिडी शेडला अन् जनावराला आहे, खाद्याला नाही.

कळमेश्वरवाला: हॉटेलचं खरकटं आहे ना! नागपुरात ढाबे काय कमी आहेत.

हिंगण्याचा_पुतण्या: खरकट्यानंच घात होते. त्यात डुकराच्या मासाचा कच्चा तुकडा असला अन् उकळल्याशिवाय टाकलं तर आफ्रिकन स्वाइन फीवर घरात. २०२० मधे आसाम-अरुणाचलात निघाला तो. माणसाला होत नाही, पण डुकराला उपचार नाही, एकाला झाला की अख्खं शेड मारून पुरा.

पण माझं भांडण वेगळंच आहे. काकाच्या शेडमधे गेल्या साली १४ नग ९० किलोचे तयार होते. व्यापारी म्हणे मंगळवारी येतो. आला तीन आठवड्यांनी. तेवढ्यात १०५-११० झाले, काट्यावर चढवायला चार जण अन् दोर, सगळं गाव ओरडणं ऐकत होतं. वरून म्हणे चरबी जास्त आहे, रेट कमी. अन् रोजचं खाद्य काकाच्याच खिशातून! प्रोसेसिंगवाल्याला दर आठवड्याला एकसारख्या वजनाचा, कमी चरबीचा माल लागते. जवळ ढंगाचा कत्तलखाना नाही, कोल्ड स्टोरेज नाही, मग वेळेवर कापणार कोण? आधी ते करा, मग माद्या मोजा.

धंतोली_कट्टा: सगळं सोडा, आमच्या मागच्या नाल्यात फिरतात ती कमी आहेत का? आणखी कशाला पाहिजे?

ढेपवाला_भाऊ: नाल्यातलं डुक्कर अन् शेडमधलं विलायती वाणाचं यॉर्कशायर डुक्कर एकच वाटते का गा तुले? ह्याच समजुतीनं गावात धंद्याला नाव ठेवतात. ग्रामपंचायतीत ना-हरकत मागायला गेलं की जात आधी विचारतात, कागद नंतर. हे कोणी लिहीत नाही.

कळमेश्वरवाला: हे मान्य. पण कत्तलखाना आधी की डुकरं आधी? माल नसला तर कोण बांधेल? माफसू, म्हणजे पशु अन् मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आपल्याच नागपुरात आहे, पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथून सुरुवात करता येते ना.

हिंगण्याचा_पुतण्या: कॉलेजवाले सल्ला देतील, माल थोडीच उचलतील. कोणी लेखी रेट दिला तर उद्या काका ५० माद्या ठेवते.

कळमेश्वरवाला: रविवारी शेड पाहायला येऊ का?

हिंगण्याचा_पुतण्या: ये ना. पण दुसऱ्या फार्मवरून सरळ येऊ नको, अन् गेटवर औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय काका आत घेत नाही.