मदत हवी आहे: क्रूगरजवळच्या लॉजमध्ये चार वर्षांच्या मुलाला घेऊन

मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिण आफ्रिकेला जातोय. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४, आणि सासूबाई. जोहान्सबर्गला उतरून गाडी भाड्याने घेणार आणि क्रूगर नॅशनल पार्कच्या मलेलाने गेटबाहेर, क्रोकोडाइल नदीकाठच्या एखाद्या लॉजमध्ये चार रात्री राहायचा विचार आहे.

अडचण धाकट्याची. दोन लॉजना मेल केले. दोघांचंही उत्तर, सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या जीपमधून सफारीला नेत नाही. एकाकडे मुलांसाठी वेगळी खोली आणि सांभाळायला ताई आहे, पण त्याला परक्या ठिकाणी एकटं सोडायचं नाही. दुसरा स्वतंत्र जीप देतो, पण ती आमच्या बजेटबाहेर आहे. स्वतःच्या गाडीतून पार्कात फिरायला वयाची अट नाही, हे माहीत आहे. जेवण शाकाहारी लागतं, ते दोघांनी मान्य केलंय.

मलेरियाचंही बघितलं. क्रूगर त्या पट्ट्यात येतं आणि मेमध्येही थोडा धोका असतो. बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार गोळ्या चालतील म्हटलंय, तरी जीव धजत नाही. पिलानेसबर्ग हे दुसरं सफारीचं अभयारण्य मलेरियामुक्त आहे आणि जोहान्सबर्गहून बरंच जवळ. पण मुलीने वर्षभर क्रूगरचाच नकाशा भिंतीवर लावलाय.

इतक्या लहान मुलासोबत कुणी क्रूगरला राहिलंय का? रोज पहाटे सहाला गेट उघडताच स्वतःच्या गाडीने आत जाऊन तो किती तास टिकला? आणि नदीकाठच्या लॉजना पुरेसं कुंपण असतं का, की पिलानेसबर्गच गाठावं?