बॉस निघाले: त्यांच्यामागे जावं की आहे तिथेच राहावं?

उंबरठा:
बॉस राजीनामा देऊन दुसरीकडे रुजू होतात आणि महिन्याभरात जुन्या टीममधल्या दोघा-तिघांना फोन येतो, "येतोस का?" माझं मत: बॉस चांगले असतील तर जावं. चूक झाली तर पाठीशी कोण उभं राहतं, बढतीच्या बैठकीत तुमचं नाव कोण काढतं? बॉसच ना? ते गेले की तुमच्या चार-पाच वर्षांच्या कामाचा साक्षीदारच जातो. नव्या माणसासमोर पाटी कोरी. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड ही चिप कंपनी सोडून इंटेल काढली, तेव्हा तिथे त्यांच्या हाताखाली काम करणारे अँडी ग्रोव्ह त्यांच्यामागोमाग गेले. पुढे तेच इंटेलचे प्रमुख झाले.

ताळेबंद:
नॉइस आणि मूर संस्थापक होते, शब्द पाळणं त्यांच्या हातात होतं. तुमचे बॉस नव्या कंपनीत स्वतःच नोकर आहेत, बहुतेक वेळा प्रोबेशनवर. "तुझं मी बघतो" हे ते मनापासून म्हणत असतील, पण पगार आणि पद ठरवणार एचआर. उद्या तेच सहा महिन्यांत बाहेर पडले, तर तुमच्यावर "त्यांचा माणूस" हा शिक्का कायम राहतो.

शिवाय मागे काय सोडताय ते मांडून बघा. कंपनीचे शेअर मिळणार असतील तर नेहमीची पद्धत ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देण्याची, पहिलं वर्ष भरल्याशिवाय काहीच हाती येत नाही. अकराव्या महिन्यात निघालात तर शून्य! बोनसचंही तेच: वाटपाच्या दिवशी नोकरीत असलात तरच मिळेल, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. रुजू होताना घेतलेली रक्कम ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत करावी लागते, ती वेगळीच.

उंबरठा:
पैशाचा हिशोब मान्य. पण हार्वर्डचे प्राध्यापक बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या नावाजलेल्या शेअर विश्लेषकांचा अभ्यास केला, त्यात एकट्याने कंपनी बदललेल्यांची कामगिरी घसरली, टीमसह गेलेल्यांची फारशी नाही. जमलेली टीम एकत्र हलते तेव्हा काम टिकतं.

ताळेबंद:
त्या अभ्यासात मोजली गेली ती नावाजलेल्यांची कामगिरी, म्हणजे आपल्या चर्चेतल्या बॉसची. टीम सोबत नेण्यात त्यांचा फायदा आहे, हेच त्यातून दिसतं. मागून जाणाऱ्याचं काय झालं, हा प्रश्न उरतोच. म्हणून तो फोन आला की भारावून जाऊ नका.

कडीकुलूप:
जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी करार वाचा. सोडून गेल्यावर ठरावीक काळ जुन्या सहकाऱ्यांना ओढायचं नाही, असं कलम बॉसच्या करारात बहुधा असतं. ते त्यांना बांधतं, तुम्हाला नाही. तरीही वाद झाला तर पहिला प्रश्न हाच येतो: आधी संपर्क कोणी केला? म्हणून जाहिरात निघालेली असेल तर तिच्यावर स्वतः अर्ज करणं बरं. सगळी बोलणी कंपनीच्या लॅपटॉपवर आणि चॅटवर करणारे इथेच अडकतात. ग्राहकांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्याची नोंद राहते. आणि एकाच आठवड्यात तिघांचे राजीनामे पडले, की प्रकरण वकिलांकडे जातं.

ऑफर लेटर हातात आल्यावर एक ओळ नीट बघा. "रिपोर्टिंग" या शब्दापुढे बॉसचं नाव जवळजवळ कधीच नसतं. "विभागप्रमुख किंवा कंपनी नेमेल ती व्यक्ती" असं असतं. तुम्ही ज्यांच्या भरवशावर निघालात, ते त्या कागदावर नाहीत.

उंबरठा:
ही ओळ माझ्या डोक्यात नव्हती. तरी मी जाण्याच्याच बाजूने आहे, फक्त तोंडी शब्दावर नाही. मंजूर झालेली जागा, पदनाम, पगार हे सगळं लेखी येईपर्यंत इकडचा राजीनामा द्यायचा नाही.

ताळेबंद:
मी त्यात बॉसचा प्रोबेशन संपेपर्यंत थांबणंही धरेन.

उंबरठा:
इतकं थांबलं तर जागा भरून जाते. नव्या प्रमुखाला माणसं लागतात ती पहिल्या तीन महिन्यांत.

ताळेबंद:
भरू द्या. त्यांना खरंच तुम्हीच हवे असाल, तर दुसरी जागा मंजूर करून घेतील. तेवढं वजन नव्या ठिकाणी त्यांना नसेल, तर ते आधीच कळलेलं चांगलं.